एका सेकंदाची दोन मापं

दूरचित्रवाणीतल्या पन्नास-साठच्या भांडणाचं मूळ दूरचित्रवाणीत नाही, विजेत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत एईजी कंपनीने सेकंदाला ५० आवर्तनांची वीज पसंत केली आणि अमेरिकेत वेस्टिंगहाऊसने ६० आवर्तनांची. दोघांच्याही डोळ्यांसमोर मोटारी आणि दिवे होते. हवेतून चित्रं पाठवायची वेळ येईल, हे कोणाच्या गावीही नव्हतं. जपानने तर कमालच केली. टोकियोने जर्मन जनित्रं आणली, ओसाकाने अमेरिकन. परिणामी फुजी नदीच्या पूर्वेला ५० आणि पश्चिमेला ६० ही वाटणी त्या देशात आजही नांदते आहे. ब्रिटनमध्ये ५० रुजलं आणि त्यांच्या मागोमाग ते आपल्याकडेही आलं.

२ नोव्हेंबर १९३६ रोजी लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून बीबीसीचं नियमित प्रक्षेपण सुरू झालं, तेव्हा चित्राचा वेग विजेच्या वेगाशी बांधणं हाच शहाणपणा होता. त्या काळच्या संचांना घरातल्या विजेची कुरकुर पुरती गाळता येत नसे. चित्र आणि वीज यांची चाल वेगळी असती, तर पडद्यावर एक काळसर पट्टा सतत वरखाली सरकत राहिला असता. चाल एकच ठेवली की तो पट्टा निदान एका जागी गप्प बसे. म्हणून इंग्लंडमध्ये सेकंदाला ५० फील्ड आणि अमेरिकेत ६०. फील्ड म्हणजे अर्धी फ्रेम: आधी विषम रेषा, मग सम रेषा, आणि दोन्ही मिळून एक पूर्ण चित्र. इंग्लंडमध्ये सेकंदाला २५ चित्रं झाली, अमेरिकेत ३०.

रेषांच्या बाबतीत तर जो तो आपल्या मर्जीचा मालक होता. ब्रिटनच्या ४०५, अमेरिकेच्या १९४१ पासून ५२५, युद्धानंतर युरोपातल्या बहुतेक देशांच्या ६२५. फ्रान्सने ८१९ रेषांचा हट्ट धरला आणि तो बरीच वर्षं चालवला.

पण रेषांचं भांडण मिटवता येत होतं, हे २ जून १९५३ ला दिसलं. राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकाचं चित्र लंडनहून फ्रान्स, नेदरलँड्स आणि पश्चिम जर्मनीत थेट पोहोचलं. त्यासाठी वापरलेली युक्ती आज बाळबोध वाटेल. ४०५ रेषांचं चित्र एका चांगल्या पडद्यावर उमटवायचं आणि त्याच्यासमोर ८१९ किंवा ६२५ रेषांचा कॅमेरा लावून ते पुन्हा टिपायचं. चित्र थोडं मऊ पडे, कडा विरघळत, पण काम भागे. ते भागलं, कारण इंग्लिश खाडीच्या दोन्ही काठांवर सेकंदाचे तुकडे ५० च होते. जागेचं माप बदललं होतं, काळाचं नव्हतं.

त्याच दिवशी कॅनडासाठी मात्र वेगळी वाट धरावी लागली. पडद्यावरचं चित्र सिनेमाच्या फिल्मवर उतरवून घेतलं आणि ती रिळं हवाईदलाच्या कॅनबेरा विमानांनी अटलांटिकपलीकडे धाडली. फिल्म कुठल्याही देशातल्या प्रोजेक्टरवर चढते, तिला पन्नास-साठचं सोयरसुतक नसतं. हा मुद्दा पुढे डीव्हीडीच्या काळात काही मंडळी सोयीस्करपणे विसरली. त्याकडे मी येणारच आहे.

याच वर्षी, १७ डिसेंबर १९५३ ला, अमेरिकेत एनटीएससी या रंगीत पद्धतीला मान्यता मिळाली आणि एका नव्या कटकटीने जन्म घेतला. कृष्णधवल संच मोडीत न काढता त्याच लहरीत रंग कोंबायचे होते. रंगाची लहर आणि ध्वनीची लहर एकमेकींत घुसून पडद्यावर नक्षी उमटू लागली असती. ध्वनीची लहर हलवली तर लोकांच्या घरातले लाखो संच बिघडणार. म्हणून अभियंत्यांनी चित्राचीच चाल हजाराला एक या हिशेबाने कमी केली. ३० ची २९.९७ झाली. रोजच्या बघण्यात कोणाला काही कळलं नाही, पण संपादनाच्या टेबलावर मात्र हे अपूर्णांकाचं भूत कायमचं मानगुटीवर बसलं. फ्रेमा ३० च्या हिशेबाने मोजत गेलं, तर तासाभरात मोजणी घड्याळाच्या ३.६ सेकंद मागे पडते. त्यावर तोड अशी निघाली की दर मिनिटाला दोन क्रमांक गाळायचे, दहाव्या मिनिटाला मात्र गाळायचे नाहीत. तासाला १०८ क्रमांक गळतात. फ्रेम एकही गळत नाही, नुसते क्रमांकच. अधिक महिना आणि क्षयतिथी पाळणाऱ्या आपल्या पंचांगकर्त्यांना हा उपाय मुळीच परका वाटला नसता.

युरोपात रंग आले १९६७ मध्ये. जर्मनीत टेलिफुंकेनच्या वाल्टर ब्रूख यांनी घडवलेली पाल पद्धत, फ्रान्समध्ये आंरी द फ्रान्स यांची सेकाम. २५ ऑगस्ट १९६७ ला पश्चिम बर्लिनमध्ये विली ब्रांट यांच्या हस्ते लाल बटण दाबून रंगीत प्रक्षेपणाचं उद्‌घाटन होणार होतं. बटण खोटंच होतं आणि पडद्याआडच्या तंत्रज्ञाने जरा घाई केली. ब्रांट यांचं बोट पुरतं टेकायच्या आधीच पडदा रंगीत झाला.

आता खरा पेच. जुलै १९६२ मध्ये टेलस्टार उपग्रहाने अमेरिका आणि युरोप यांच्यात थेट चित्रांची देवाणघेवाण करून दाखवली. पडद्यासमोर कॅमेरा लावण्याची जुनी युक्ती इथे लंगडी पडली. एक बाजू सेकंदाला ६० वेळा उजळते, दुसरी ५० वेळा बघते. दोन्हींतल्या १० च्या फरकाने चित्र सेकंदाला दहा वेळा धडधडू लागतं. ती धडधड दाबायला वेगळी यंत्रणा लागे, आणि रंगीत चित्रासाठी तर हा मार्ग फारच गचाळ होता. करायला हवं होतं ते सांगायला सोपं होतं: येणारं फील्ड क्षणभर धरून ठेवायचं, त्याच्या पुढचं येऊ द्यायचं, आणि दोन्हींच्या मिश्रणातून हवं त्या क्षणाचं नवं फील्ड तयार करायचं. पण १९६० च्या दशकात एक अख्खं फील्ड धरून ठेवायचं कशात? स्मृतीच्या चिपा अजून यायच्या होत्या.

बीबीसीच्या संशोधन विभागाने ते धरलं क्वार्ट्‌झच्या ठोकळ्यात. विजेच्या संकेताचं कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीत रूपांतर करायचं आणि तो ध्वनी घासून पैलू पाडलेल्या क्वार्ट्‌झमध्ये सोडायचा. एका पैलूवरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर आपटत तो आतल्या आत प्रवास करतो आणि दुसऱ्या टोकाला पुन्हा वीज होऊन बाहेर पडतो. विजेच्या मानाने ध्वनी फार मंद. त्या मंदपणातच चित्र साठवलेलं. असे अनेक ठोकळे ओळीने जोडले, कमीजास्त उशीर हवा तसा निवडायची सोय केली, की सेकंदाच्या साठाव्या भागात मावणारं चित्र हातात राहतं. म्हणजे तेव्हाची 'मेमरी' ही चक्क दगडात घुमणारा आवाज होती. मला ही सगळ्या कहाणीतली सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

हे यंत्र ऑक्टोबर १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकसाठी कामाला लागलं. अमेरिकन पद्धतीची रंगीत चित्रं उपग्रहामार्गे येत आणि युरोपच्या संचांवर पाल होऊन उतरत. बॉब बीमनची ८.९० मीटरची लांब उडी ही त्याच ऑलिंपिकमधली. जी फील्डं मेक्सिकोत टिपली होती त्यांतली कितीतरी युरोपात जशीच्या तशी पोहोचलीच नाहीत. सहा फील्डांच्या जागेत पाच बसवायची, म्हणजे बहुतेक प्रत्येक नवं फील्ड हे आधीच्या आणि नंतरच्या क्षणांची भेसळ. स्थिर चित्रात ती खपून जाते. धावणारा पाय, उडणारा चेंडू, सरकणारा कॅमेरा आला की एका कडेच्या दोन कडा दिसतात, एक दाट आणि एक फिकी.

पुढे १९७२ मध्ये ब्रिटनच्या खासगी वाहिन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाने अंकीय पद्धतीने चालणारा डाइस हा कन्व्हर्टर उभा केला आणि क्वार्ट्‌झचं राज्य ओसरलं. यंत्रं लहान झाली, भेसळ सफाईची झाली. पण भेसळच राहिली. वस्तू कुठून कुठे सरकली ते ओळखून मधलं स्थान काढणारे कन्व्हर्टर नव्वदच्या दशकात आले. स्नेल अँड विल्कॉक्सचा अल्केमिस्ट हा त्यांतला नावाजलेला. किमयागार हे नाव त्यांनी उगाच ठेवलं नव्हतं. जो क्षण कुठल्याच कॅमेऱ्याने टिपला नाही, तो हे यंत्र बनवून देत होतं.

आपल्याकडे दूरदर्शनने १९८२ मध्ये पाल पद्धतीने रंग आणले. दोनच वर्षांनी लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये पी. टी. उषा ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत चौथी आली. तिसऱ्या क्रमांकाची वेळ ५५.४१ सेकंद, उषाची ५५.४२. मूळ चित्रण एनटीएससीचं, म्हणजे तिथलं एक फील्ड सेकंदाचा साठावा भाग. आपल्या पडद्यावरचं एक फील्ड पन्नासावा भाग. उषाचं पदक ज्या शंभराव्या भागात हुकलं, तो या दोन्हींपेक्षा छोटा. पन्नास हर्ट्‌झच्या देशात बसून कितीही डोळे फाडून पाहिलं, तरी त्या शेवटच्या पावलाच्या जागी दोन क्षण कालवलेले दिसणार. निकाल द्यायला फोटो-फिनिशचा वेगळा कॅमेरा लागतो, तो यासाठीच.

सिनेमाचं गणित याहून निराळं. बोलपटांच्या आगमनानंतर सिनेमाची फिल्म जगभर सेकंदाला २४ फ्रेमांवर स्थिरावली. अमेरिकन दूरचित्रवाणीने या २४ चे ६० करायला एक नामी हिशेब काढला: पहिली फ्रेम दोन फील्डं दाखवायची, दुसरी तीन, पुन्हा दोन, पुन्हा तीन. कॅमेरा सावकाश आडवा फिरला की चित्र अडखळतं, पण मूळ फ्रेम एकही हरवत नाही. जास्तीची फील्डं काढून टाकली की २४ पुन्हा हातात. ५० हर्ट्‌झच्या देशांनी एवढा खटाटोप केलाच नाही. त्यांनी फिल्म सरळ २५ च्या वेगाने पळवली. दोन-अडीच तासांच्या सिनेमात चार टक्के कोण मोजतंय?

कान मोजतात. वेग चार टक्क्यांनी वाढला की सूरही चढतो. पांढरी एकमध्ये गायलेलं गाणं काळी एकच्या वाटेवर पाऊण अंतराच्या थोडं अलीकडे जाऊन थांबतं. पेटीवर त्याला पट्टीच सापडत नाही. अडीच तासांचा सिनेमा १४४ मिनिटांत आटोपतो. शनिवारी संध्याकाळी मुंबई दूरदर्शनचा मराठी चित्रपट बघत वाढलेल्या पिढीने थिएटरात ऐकलेलं गाणं आणि घरी ऐकलेलं गाणं यांत काहीतरी फरक आहे असं म्हटलं असेल, तर तो भास नव्हता. युरोपात पुढे डीव्हीडीवरही हेच झालं. दोन तासांचा चित्रपट चार-पाच मिनिटांनी आखूड निघाला, की कात्री कुठे लागली याचा शोध गिऱ्हाईक घेत बसे. कात्री कुठेच लागलेली नसे.

मधल्या काळात या भांडणाची झळ थेट घरांना लागली ती व्हिडिओ कॅसेटमुळे. पुण्यात किंवा ठाण्यात झालेल्या लग्नाची कॅसेट न्यू जर्सीला पोचायची, सगळं घर संचासमोर बसायचं, आणि पडद्यावर नुसते आडवे फाटलेले पट्टे. कॅसेटचा आकार तोच, व्हीएचएस तेच, पण आत ६२५ रेषा आणि ५० फील्डं. मग 'एनटीएससी करून आणा' हा निरोप उलट टपाली यायचा. भारतीय वस्तीतली दुकानं पैसे घेऊन हे काम करत. काही हौशी कुटुंबांनी सगळ्या पद्धती चालवणारे व्हीसीआर आणि संचही घेतले. पॅनासॉनिकने तर पोटातच कन्व्हर्टर असलेला एजी-डब्ल्यू१ हा व्हीसीआर काढला. सर्वसामान्यांच्या आवाक्याबाहेरची ती वस्तू. दुकानातल्या स्वस्त रूपांतरात नवरीच्या शालूच्या जरीकाठाची रया जायची आणि अक्षता पडताना प्रत्येक दाण्यामागे एक फिका दाणा दिसायचा.

डीव्हीडी नोव्हेंबर १९९६ मध्ये जपानच्या बाजारात आली, पुढच्या वर्षी अमेरिकेत. ४.७ जीबीची चकती, सगळं अंकांत लिहिलेलं. आता तरी पन्नास-साठचा वाद संपायला हरकत नव्हती. पण टीव्ही संच जुनेच होते, त्यामुळे वाद चकतीवर कोरला गेला: एनटीएससीसाठी ७२० गुणिले ४८०, पालसाठी ७२० गुणिले ५७६. वर स्टुडिओंनी जगाचे प्रदेश पाडले; अमेरिका १, युरोप आणि जपान २, भारत ५. मानकात एक गोष्ट मात्र शहाणपणाची होती. सिनेमाच्या २४ फ्रेमा तशाच साठवायच्या आणि 'हे फील्ड पुन्हा दाखव' एवढी खूण सोबत लिहायची. दोन-तीनचा खेळ प्लेअरने करायचा. जागा वाचते, चित्र शुद्ध राहतं, आणि पुढे चांगला पडदा मिळाला तर २४ च्या २४ फ्रेमा स्वच्छ निघतात.

आता मघाचा मुद्दा. परदेशी राहणाऱ्या भारतीयांची बाजारपेठ मोठी होती. पाल देशांतले बहुतेक प्लेअर एनटीएससी चकती चालवत. अमेरिकेतले बहुतेक प्लेअर पाल चकतीला ओळखही दाखवत नसत. एकच चकती जगभर विकायची असेल, तर ती एनटीएससीत आणि सर्व प्रदेशांना खुली काढणं हा व्यापाऱ्याचा सरळ हिशेब. हिंदी चित्रपटांच्या कितीतरी डीव्हीडी तशाच निघाल्या. इथवर तक्रार नाही. तक्रार पुढे आहे. यांतल्या पुष्कळ चकत्यांसाठी फिल्मकडे कोणी गेलंच नाही. भारतातल्या दूरचित्रवाणीसाठी आधीच केलेली पाल टेप कपाटात होती, तीच कन्व्हर्टरमधून काढली. म्हणजे २४ फ्रेमांची फिल्म आधी २५ वर पळवलेली, सूर चढलेला, आणि मग त्या २५ ची भेसळ करून २९.९७. दोन्ही पद्धतींची पापं एकाच चकतीवर. अशी डीव्हीडी नाचगाण्यात थांबवून बघा, नायिकेच्या हाताला दोन बाह्यरेखा असतात. तेही कुठल्या चित्रपटांना? ज्यांची निगेटिव्ह मुंबईच्या किंवा मद्रासच्या लॅबमध्ये होती आणि जिला पन्नास-साठ या भानगडीशी काही देणंघेणं नव्हतं. तीच पाल टेप थोडी मंद करून, २५ ची पुन्हा २४ च्या आसपास आणून, खुणा लिहून डीव्हीडी केली असती, तरी दुखणं बरंचसं गेलं असतं. घरच्या संगणकावर एव्हिसिंथसारखं फुकट साधन घेऊन हौशी पोरं हे रात्री बसून करत होती. धंदेवाल्यांना जमलं नाही असं नाही, गरज वाटली नाही.

याच्या अगदी उलट टोकाचं उदाहरण लंडनमधलं. बीबीसीने १९७० च्या दशकात आपल्या कितीतरी मालिकांच्या टेपा पुसून टाकल्या. दोन इंच रुंदीची व्हिडिओ टेप महाग होती आणि जुना कार्यक्रम पुन्हा कोण बघणार, असा व्यवहारी विचार त्यामागे होता. 'डॉक्टर हू' या विज्ञानकथा मालिकेचे अनेक रंगीत भाग असे गेले. वाचले ते उत्तर अमेरिकेला विकलेले. पण विकताना ते एनटीएससी करून पाठवले होते, आणि करणारं यंत्र तेच बीबीसीचं, क्वार्ट्‌झच्या ठोकळ्यांचं. ऐंशीच्या दशकात त्या प्रती परत मिळाल्या आणि घरच्या देशात दाखवायला पुन्हा पाल केल्या. भेसळीची भेसळ. माणसं जणू पाण्याखाली चालतायत असं चित्र.

डीव्हीडी काढायची वेळ आली तेव्हा बीबीसीच्या संशोधन विभागातल्या जिम ईस्टरब्रुक यांनी प्रश्न फिरवून पाहिला. नवा कन्व्हर्टर कितीही हुशार असला, तरी तो समोरच्या चित्राला खरं मानून पुढे जातो. इथे तर समोरचं चित्र कसं बिघडलं ते तंतोतंत माहीत होतं. जुन्या यंत्राने कुठल्या फील्डात आधीचा क्षण किती आणि नंतरचा किती घातला, रेषा कुठे कमी केल्या, हे सगळं ठरलेल्या प्रमाणात होतं. पाच मूळ फील्डांची सहा केलेली, म्हणजे सहा समीकरणं आणि पाच अज्ञातं. शाळेतलं बीजगणित मोठ्या प्रमाणावर मांडलं, तर मूळ पाच परत काढता यायला हवीत. प्रत्यक्षात टेपेवरची खरखर आडवी येते. समीकरणं उलटवताना चित्रासोबत तीही फुगते, आणि किती धार हवी व किती खरखर सोसायची याचा तोल माणसालाच सांभाळावा लागतो. तरीही निकाल थक्क करणारा होता. १९७१ च्या 'द क्लॉज ऑफ ॲक्सॉस' या कथेचे दोन भाग एनटीएससी प्रतींतूनच उरले होते. २००५ च्या डीव्हीडीसाठी त्यांच्यातली मूळ ५० हर्ट्‌झची हालचाल पुन्हा वेगळी काढली गेली. पुढच्या वर्षी 'इन्फर्नो' या १९७० च्या कथेचे सातही भाग याच वाटेने आले. जे यंत्र अडाणी, ठरावीक आणि हुशारीशिवाय चालत होतं, त्याचंच काम उलटवता आलं. अल्केमिस्टसारख्याने कल्पनेने क्षण भरले असते, तर असं साधं समीकरण कोणालाच मांडता आलं नसतं.

मग या डीव्हीडी अमेरिकेतही विक्रीला गेल्या. तिथल्या प्लेअरांना पाल चालत नव्हतं, म्हणून पुन्हा मिळवलेलं चित्र एका नव्या कन्व्हर्टरमधून काढून परत एनटीएससी करण्यात आलं.